एक तळे, बारा महिने

आजच्या छत्तीसगडच्या उत्तर भागातील कोरिया संस्थानात १९४७ साली घेतलेले एक छायाचित्र भारतीय वन्यजीवनाच्या दफ्तरात कायमचे रुजू झालेले आहे. संस्थानाधिपती रामानुज प्रतापसिंह देव उभे आहेत आणि त्यांच्यापुढे एकाच रात्री मारलेले तीन नर चित्ते ओळीने मांडलेले आहेत. महाराजांच्या खाजगी चिटणिसाने हे चित्र वृत्तांतासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. १९५२ मध्ये चित्ता या देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि तेव्हापासून भारतीय रानातील अखेरच्या चित्त्यांचा पुरावा म्हणून अभ्यासक ह्याच चित्राकडे बोट दाखवीत आले आहेत. रचना, प्रकाश, पार्श्वभूमी यांपैकी कोणत्याही कसोटीवर ते आजच्या एखाद्या शाळकरी मुलाने मोबाईलवर घेतलेल्या चित्रापुढे टिकणार नाही. परंतु ते कोठले, केव्हाचे आणि कशाचे आहे ह्याविषयी शंकेला जागा नसल्यामुळे त्याचे मोल इतक्या वर्षांत तिळमात्र उणे झालेले नाही.

ज्या मुलखात असा दस्तऐवज निर्माण झाला, त्याच मुलखात हौसेने कॅमेरा हाती घेणाऱ्याने आपल्या छंदाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचे उत्तर मला ह्या चित्रातच सापडते. छायाचित्र ही प्रथम नोंद असते आणि मग कलाकृती. ज्याची नोंद चोख, त्याची कला कालांतराने आपोआप सुधारते, कारण चोख नोंदीसाठी वारंवार त्याच ठिकाणी जावे लागते, थांबावे लागते आणि पाहावे लागते. म्हणून रायपुरात नोकरी-व्यवसाय सांभाळून, रविवारच्या सकाळपुरती सवड काढू शकणाऱ्या वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, कान्ह्याच्या वाघामागे वर्षातून एकदा धावण्यापूर्वी घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरचे एक तळे निवडावे आणि ते बारा महिने सोडू नये.

तळ्याचीच शिफारस करतो, ह्याला कारण आहे. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून ह्या सुभ्यात आलेल्या आणि तात्यापारा, बुढापारा ह्या वस्त्यांतून पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सांगण्याची गरज नाही की, रायपूर हे मूळचे तलावांचे शहर आहे. बुढातालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे अजून नित्याच्या बोलण्यात आहेत, आणि शहराची वेस ओलांडताच गावोगावी किमान एक ‘तरिया’, त्याची उंच पाळ, उतरण्याची दगडी ‘पचरी’ आणि पलीकडे पसरलेले धानाचे ‘खार’ हा देखावा ठरलेला असतो. तेलीबांधा आता दिव्यांनी आणि फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीने भरलेले असल्यामुळे तेथे संध्याकाळी घरट्याकडे परतणाऱ्या बगळ्यांखेरीज फारसे हाती लागणार नाही; नवा रायपूरमधील सेंध जलाशय अधिक मोकळा आहे; पण खरे शिक्षण खारुन नदीच्या आसपासच्या, अथवा बलौदाबाजार आणि धमतरीच्या वाटेवरच्या एखाद्या साध्या गावतळ्यावर होते. तळे निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: एका बाजूस तरी उथळ पाणी व चिखल असावा, पाण्यावर कमळ वा शिंगाड्याची वेल असावी, आणि पूर्वेकडची पाळ अशी असावी की सकाळी सूर्य पाठीशी घेऊन तिच्यावर बसता येईल. तळे मासेमारीसाठी वा शिंगाड्यासाठी ठेक्याने दिलेले असते, तेव्हा केवटांशी आणि ठेकेदाराशी पहिल्याच दिवशी रामराम करून आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगावे. पुढे तेच लोक आपल्याला सांगतात की हळदीकुंकू बदकाची जोडी हल्ली कोणत्या कोपऱ्यात उतरते.

एकाच तळ्याचे बारा महिने म्हणजे किती मोठा अभ्यासक्रम आहे, ह्याची कल्पना प्रथम येत नाही. मृगाच्या सरी पडून शेतात पाणी साचले की वंचकाच्या मळकट पाठीवर विणीचा काळपट तांबडा रंग चढतो आणि जो पक्षी आपण वर्षभर चिखलाचा गोळा म्हणून दुर्लक्षिला, तो एकाएकी राजस दिसू लागतो. श्रावणात बाभळीच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणींची घरटी लोंबू लागतात, आणि शिंगाड्याच्या पानांवरून लांब शेपटीचा कमळपक्षी आपल्या अवाजवी लांब बोटांनी चालत जातो. ह्या पक्ष्यात अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नर करतो, हे ठाऊक असलेल्या छायाचित्रकाराला पानांत बसलेला पक्षी कोण आणि तो तेथून का हलत नाही हे कळते, आणि तो आपण होऊन मागे सरतो. धान कापणीला आले की खंड्या व वेडे राघू बांधावरच्या काठ्यांवर दिसू लागतात. कार्तिकापासून उत्तरेकडची बदके येतात. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही मंडळी बहुधा तळ्याच्या मध्यभागी, आपल्या भिंगाच्या टप्प्याबाहेर, उन्हात झोप घेत असतात. माघ-फाल्गुनात पाळीवरचा पळस फुलतो आणि त्यावर शिंजीर, बुलबुल, साळुंख्या आणि नशीब असेल तर भोरड्यांचे थवे येतात. वैशाखात पाणी आटून मध्ये डबके उरते; छायाचित्रणासाठी तोच काळ एका अर्थाने सर्वांत सोपा, कारण उरलेल्या पाण्याभोवती सगळ्यांनाच यावे लागते, आणि तोच काळ संयमाच्या परीक्षेचा, कारण तेव्हा आपण उडवून लावलेल्या पक्ष्याला जाण्यासाठी दुसरे पाणी नसते.

प्रकाशाविषयी रायपूरकरांनी एक स्थानिक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि रायपूर साधारण ८१ अंश ३८ मिनिटांवर आहे. म्हणजे येथील घड्याळ आणि सूर्य यांत सरासरी अवघ्या तीन-चार मिनिटांची तफावत, तर मुंबईत तीच चाळीस मिनिटांच्या घरात जाते. पुण्या-मुंबईचे आप्त आणि तिकडची मासिके जेव्हा ‘आठपर्यंतचे ऊन कोवळे’ असे सांगतात, तेव्हा ते त्यांच्या आकाशाविषयी खरे असते. आपल्याकडे त्यातून अर्धा तास वजा करावा. जूनमध्ये येथे सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान सूर्य उगवतो, डिसेंबरात साडेसहाच्या सुमारास. सूर्योदयापूर्वी पाळीवर बसून स्थिर होण्यास लागणारा अवधी हिशेबात घेतला, तर उन्हाळ्यात पहाटे चारला उठण्यावाचून गत्यंतर नाही, आणि साडेसात वाजले की सामान आवरायला लागावे. पुढे उन्हाने तापलेल्या जमिनीवरून व पाण्यावरून हवेच्या लहरी उठतात, त्यांतून दूरचा पक्षी नेमक्या रेषांनी कधीच उमटत नाही. आणि ह्या दोषावर महागातले महाग भिंगही उपाय करू शकत नाही, कारण दोष भिंगापुढच्या हवेत असतो.

आता एक पक्षी अगदी जवळून पाहू, म्हणजे बाकीचे पुष्कळ आपोआप स्पष्ट होईल. धानाच्या ह्या प्रदेशाचा आपला म्हणावा असा करकोचा म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, ज्याला मुग्धबलाक असेही म्हणतात. चोच मिटली तरी तिच्या दोन भागांमध्ये एक फट राहते. ही फट पिलांना नसते, वयाबरोबर ती तयार होते. चिखलात आणि धानाच्या पाण्यात सापडणाऱ्या मोठ्या गोगलगाई हे ह्याचे मुख्य अन्न. तो चोच पाण्यात खुपसून पावलापावलाने चाचपत चालतो. गोगलगाय लागली की चोचीच्या वरच्या भागाने तिला तळाशी दाबून धरतो, खालच्या भागाचे टोक शंखाच्या झाकणाखाली घालतो, आतला स्नायू तोडतो आणि मान झटकून मऊ देह ओढून काढतो. शंख बहुधा जसाच्या तसा मागे पडतो. हे सारे चालू असताना डोके पाण्याखाली असते, त्यामुळे अनभ्यस्त छायाचित्रकाराच्या हाती केवळ पाठीची चित्रे येतात. परंतु ज्याने हा क्रम काही सकाळी नुसता पाहिला आहे, त्याला मान थरथरू लागताच कळते की आता काही क्षणांत डोके वर येणार आहे, आणि तो त्यापूर्वीच बोट दाबण्यास सिद्ध असतो. चोचीतली फट दाखवायची तर पक्षी आपल्याला बाजूने दिसला पाहिजे, आणि फटीमागे गवताच्या काड्या न येता सरळ पाणी वा दूरचे धूसर शेत आले पाहिजे. नाहीतर जे ह्या पक्ष्याचे वैशिष्ट्य तेच चित्रातून गळते. त्यासाठी उभे राहून खाली पाहण्यापेक्षा पाळीच्या उतारावर पालथे पडून कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा. निम्मे शिक्षण एवढ्या एका गोष्टीत आहे. डोळ्याला डोळा भिडला की चित्र पाहणाराही पाण्याकाठी येऊन बसतो, आणि मागची जमीन दूर जाऊन अस्पष्ट झाल्यामुळे पक्षी आपोआप उठून दिसतो.

ह्या पांढऱ्या-काळ्या पक्ष्यावर प्रकाशाचे गणितही शिकून घ्यावे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर जे असेल ते सर्व मध्यम करडे आहे असे धरून चालतो, मग ते बगळ्याचे पंख असोत वा म्हशीची पाठ. गडद पाण्यापुढे उभा असलेला पांढरा बगळा टिपताना मापक पाण्याच्या काळोखाला भुलून जास्त प्रकाश घेतो आणि पंखांतील रेषा धुऊन जातात. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे बाजूस दोन तृतीयांश ते एक स्टॉप न्यावे. उजळ आकाश वा चमकणारे पाणी मागे ठेवून बसलेल्या पाणकावळ्याच्या बाबतीत ते तितकेच अधिक करावे. मात्र तोच काळा विषय चौकट भरून उभा राहिला, जसा पुढे येणाऱ्या बारनवापारा अभयारण्यात गवा उभा राहतो, तर मापक काळ्याला करडा करण्यासाठी अतिरिक्त प्रकाश घेतो, आणि तेव्हा पुन्हा उणे बाजूस जावे लागते. हा नियम पाठ करून भागत नाही; दर चित्रानंतर हिस्टोग्रामचा आलेख पाहण्याची सवय लावावी, आणि त्याचे उजवे टोक भिंतीला चिकटून उभे राहिलेले दिसले की पांढऱ्या पंखांचा तपशील गेला असे समजावे. काळोखात हरवलेले पुष्कळसे पुढे संगणकावर उजेडात आणता येते. पांढऱ्यात जळून गेलेले मिळत नाही. म्हणून चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत आणि चुकायचेच झाले तर किंचित काळोखाच्या बाजूने चुकावे.

शटरविषयी थोडक्यात सांगतो. चालणाऱ्या पक्ष्यास सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडणाऱ्यास हजारावा वा त्याहून लहान, आणि खंड्याच्या सुरासाठी दोन हजारावाही अपुरा पडतो. हातात धरलेल्या ४०० मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाच्या चारशेव्या भागाहून सावकाश चालवू नये. अॅपर्चर साडेपाच ते आठच्या दरम्यान ठेवावे, आयएसओ आपोआप बदलू द्यावा आणि त्याच्या दाण्यांची भीती बाळगू नये. दाणेदार पण स्थिर चित्र कामास येते, स्वच्छ पण हललेले येत नाही.

साधनांवर सर्वच मासिके इतके लिहितात की मला त्यात विशेष भर घालण्याची इच्छा नाही. ३०० किंवा ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारे एक भिंग आणि वापरलेला, पण नीट तपासून घेतलेला कॅमेरा एवढ्यावर पहिली काही वर्षे उत्तम जातात. उरलेल्या पैशांतून चांगली दुर्बीण घ्यावी, कारण जो आधी पाहत नाही त्याला टिपण्यास काही सापडत नाही. तिवईपेक्षा जाड मांजरपाटाची एक पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरावेत. ती पाळीवर, दगडावर आणि जंगलातील जीपच्या कठड्यावर सारखीच उपयोगी पडते. आपल्या हवेत खरी काळजी पावसाळ्याची. आषाढापासून आश्विनापर्यंत भिंगाच्या आत बुरशी धरण्याचा धोका असतो, आणि ती एकदा धरली की काचेवरचा लेपही खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यात सामान ठेवावे, शक्य तर आर्द्रतामापक टाकावा आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखावा. थंड खोलीतून एकदम दमट हवेत काढलेल्या भिंगावर दव धरते; पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेत असू द्यावी आणि मग उघडावी.

तळ्यावर हात बसला की जंगलाकडे वळण्यास हरकत नाही. रायपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, १९७६ साली घोषित झालेले बारनवापारा अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २४५ चौरस किलोमीटर, झाडी साग, साल आणि बांबूची, आणि बार व नवापारा ह्या दोन वनग्रामांवरून त्याचे नाव पडले. गवा, चितळ, सांबर, अस्वल, बिबट्या, चौसिंगा हे येथील रहिवासी. पावसाळ्यात ते बंद असते आणि साधारणपणे नोव्हेंबरपासून उघडते. हिवाळ्यात गवत उंच व प्रकाश मृदू असतो. उन्हाळ्यात पाने गळून दृष्टी दूरवर जाते व पाणवठ्यांवर हालचाल वाढते. नवख्यास मी हिवाळाच सुचवीन, कारण त्याने प्रथम प्राण्याला त्याच्या रानासह चौकटीत बसविण्यास शिकावे. लांब भिंगाने फक्त चेहरा भरून टाकण्याचा मोह फार लवकर जडतो; त्यातून बारनवापाऱ्याचा चितळ आणि प्राणिसंग्रहालयातील चितळ यांत काही भेद उरत नाही. बांबूच्या बेटाआडून अर्धवट दिसणारा गवा, त्याच्या पायांशी वाळलेली साग-पाने आणि वर तिरपा आलेला उजेड, असे चित्र त्या रानाचे असते. वाटाड्याशी सभ्यपणे वागावे आणि जीप एखाद्या ठिकाणी वीस मिनिटे बंद करून उभी ठेवण्याची विनंती करावी. इंजिन थांबले की वानराचा खोकल्यासारखा इशारा आणि चितळाची किंकाळी कानी येते, आणि कोणत्या दिशेकडे पाहावे ते आपोआप ठरते.

सरावासाठी २०१६ साली नवा रायपुरात सुरू झालेली नंदनवन जंगल सफारीही वापरता येते, आणि शटर व प्रकाश यांची घोकंपट्टी करण्यास ती सोयीची आहे. अट एवढीच की त्या चित्राखाली ते बंदिस्त प्राण्याचे आहे असे स्पष्ट लिहावे. आसामातील मानसहून बारनवापाऱ्यात आणून कुंपणात ठेवलेल्या रानम्हशींच्या चित्रांनाही हाच नियम लागू आहे. रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी, आणि उदंती-सीतानदीत तिची संख्या इतकी घटलेली आहे की तिच्या चित्राखालची एक खोटी ओळही अभ्यासकाची दिशाभूल करू शकते.

हिवाळ्यात बिलासपूरच्या रस्त्याने नांदघाटकडे जाऊन बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाचे जलाशय अवश्य पाहावेत. राज्याचा पहिला पक्षिमहोत्सव २०२१ मध्ये येथेच भरला होता. आणि ज्यांना महाराष्ट्राची ओढ आहे, त्यांनी सकाळची गाडी धरून गोंदियास उतरावे. तेथून नागझिरा आणि नवेगावबांध दोन्ही हाताशी आहेत. नवेगावच्या पाण्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते मारुती चितमपल्ली वनखात्याची नोकरी करीत असताना पक्ष्यांची स्थानिक नावे, सवयी आणि त्यांविषयीच्या लोकसमजुती टिपून ठेवीत राहिले. त्यांचा पक्षिकोश मराठी छायाचित्रकाराच्या पिशवीत दुर्बिणीइतकाच अगत्याचा आहे. पक्ष्याचे मराठी नाव, छत्तीसगडी नाव आणि शास्त्रीय नाव अशी तिन्ही लिहिण्याची सवय त्यांच्यामुळेच आपल्याला लागू शकते.

आता वर्तनाविषयी, आणि येथे मी कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीची व्याख्या पुष्कळांना माहीत नसते: रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे हेसुद्धा त्या व्याख्येत येते. चित्र स्पष्ट यावे म्हणून घरट्यापुढची फांदी बाजूला बांधणारा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने शिकारी आहे, आणि माझ्या दृष्टीनेही. फांदी हटली की ऊन थेट पिलांवर पडते आणि कावळ्या-शिक्र्यांना वाट सापडते. म्हणून घरट्याचे चित्र घेऊच नये, हाच शहाणा शिरस्ता. आणि अपघाताने घेतले गेलेच तर त्याचे स्थळ जाहीर करू नये, मोबाईल आपण होऊन चित्रात स्थळ नोंदवितो ती सोय बंद ठेवावी. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे, विणीच्या काळात तर विशेषच, निषिद्ध मानावे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना लागतो तो आधी काढावा. ड्रोन नेऊ नये.

महासमुंद जिल्ह्यात बागबाहऱ्याजवळ घुंचापालीच्या चंडीमातेच्या मंदिरात संध्याकाळच्या आरतीच्या सुमारास अस्वले येतात व भाविकांनी दिलेला प्रसाद खातात, हे सर्वश्रुत आहे. तेथील श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण नारळ वा बिस्किटे पुढे करून अस्वलाला दोन हातांवर बोलावणे आणि ते चित्र जंगलातले म्हणून मिरविणे, हे चित्र घेणाऱ्यास, गावास आणि अस्वलास, तिघांनाही अपायकारक आहे. अस्वल माणसाकडे अन्न मागण्यास शिकले की ते पुढे वस्तीच्या अंगणात येते, आणि चैत्रात मोहफुले वेचण्यास पहाटे एकट्या जाणाऱ्या बाईची गाठ त्याच्याशी पडते. जो धोका आपण स्वतः पत्करीत नाही, तो दुसऱ्याच्या माथी मारण्याचा अधिकार कोणासही नाही. हत्तींच्या बाबतीत तर वाद नको: बारनवापारा आणि महासमुंदच्या बाजूस कळप फिरत असल्याची वर्दी असेल, तर कॅमेरा घरी ठेवावा.

ह्याच्या उलट दृश्य पाहायचे असेल तर कोरबा जिल्ह्यातील कनकी गावी पावसाळ्यात जावे. महादेवाच्या मंदिराभोवतीच्या जुन्या झाडांवर उघड्या चोचीचे करकोचे दरवर्षी वीण करतात. गावकरी त्यांना पावसाचे दूत मानतात आणि त्यांना इजा होऊ देत नाहीत. मनुष्याच्या इतक्या निकट राहणारी वसाहत असल्यामुळे झाडावर न चढता, घरट्यास न छेडता, गल्लीत उभे राहूनच घर, कौले, मंदिर आणि पक्षी एकाच चौकटीत घेता येतात. तेथे लांब भिंगापेक्षा लहान भिंगाचे चित्र अधिक बोलके ठरते. गावच्या माणसाला विचारल्यावाचून त्याच्या अंगणाकडे कॅमेरा रोखू नये, हे वेगळे सांगावयास नको.

शेवटी दफ्तराची व्यवस्था. घरी आल्यावर त्याच दिवशी चित्रे उतरवावीत आणि फाईलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस, तळ्याचे नाव व पक्ष्याचे नाव घालावे. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. त्याबरोबर एक साधी वही ठेवून तीत पाण्याची पातळी, वारा, कोणता पक्षी काय करीत होता आणि कोणता दिसला नाही, हे चार ओळींत लिहावे. न दिसल्याची नोंद पुष्कळदा दिसल्याच्या नोंदीपेक्षा अधिक सांगते. चित्रे निवडताना सुंदर ती ठेवावीत हे खरेच, पण एखाद्या पक्ष्याची तळ्यावरची पहिली हजेरी दाखविणारे अस्पष्ट चित्रही टाकू नये. आपल्या याद्या चित्रांसह ईबर्ड ह्या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवाव्यात. २०२० आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल अशाच हौशी माणसांच्या नोंदींवर उभे राहिले आहेत, आणि छत्तीसगडमधून त्यांत जितकी भर पडेल तितकी हवीच आहे.

वर्ष पुरे झाले की बारा महिन्यांची बारा चित्रे निवडून त्यांची कागदावरची एक वही करावी. प्रत्येक चित्राखाली तारीख, पक्ष्याचे नाव आणि तळ्याचा कोणता कोपरा ते लिहावे. तिची एक प्रत गावच्या शाळेत द्यावी आणि दुसरी पंचायतीत. तलाव ठेक्याने देण्याची, पाळ सिमेंटने बांधून काढण्याची किंवा उथळ बाजू भरून घेण्याची तजवीज निघते, तेव्हा त्या कोपऱ्यात कोणत्या महिन्यात कोण उतरते हे दाखविणारे दुसरे काही पंचायतीपुढे नसते. वहीतला मजकूर हिंदीत लिहावा, आणि पक्ष्यांची नावे मात्र केवटांना विचारून छत्तीसगडीतच घालावीत.